मैनेचं पायताण

"खिळा धरायला जागाच नाय," नालबंद म्हणाला आणि त्याने मैनेचा पाय मांडीवरून हळूच खाली सोडला.

आवडी दावं धरून उभी होती. पोलादपूरच्या बाजाराची वेळ टळत आली होती, माणसं उठायला लागली होती. तिने खाली वाकून घोडीचे पुढचे दोन्ही खूर बघितले. मागच्या पायांना नाल नसायचेच. घाटाच्या पायथ्याशी ठेकेदाराने नवी खडी टाकली होती. तिच्यावरून जाताना आधी उजव्या पायाचा नाल गेला, चार दिवसांनी डाव्याचा. जाताना खिळ्यांबरोबर कडेचे टवके घेऊनच ते गेले होते. खुराची कड जुन्या वहाणेसारखी कुरतडलेली दिसत होती.

"मग?"

"मग काय. नवा खूर वरून खाली उतरायला पाच-सहा महिने लागतील. तोवर नालाचं नाव काढू नको. माळावर चरायला सोड."

"सहा महिने चरली तर मी काय खाऊ?"

"मग पायताण घाल तिला," नालबंद म्हणाला आणि हसला. आवडी हसली नाही. तिने त्याच्याकडून त्याची जुनी कानस मागून घेतली, कडा घासून कशा सारख्या करायच्या ते विचारून घेतलं आणि घोडी मोकळीच घेऊन डोंगराची वाट धरली. तीन वर्षांत पहिल्यांदा ती रिकामी वर चालली होती.

डोंगरावरच्या तिच्या गावाला, कुडपणला, तेव्हा गाडीरस्ता नव्हता. मीठ, साखर, रॉकेल, शाळेची पाटी आणि लग्नाचं सामानसुद्धा घोडीवरून नाहीतर डोक्यावरून वर जायचं. हा धंदा आवडीच्या नवऱ्याचा, मोरूचा. तो काविळीत गेला. त्यानंतर पंधराव्या दिवशी रेशन दुकानदाराने दारात येऊन विचारलं, की आता मीठ कोण आणील? घरात सगळे एकमेकांकडे बघत राहिले. आवडीने उठून घोडी सोडली, खोगीर घातलं आणि खाली गेली. बाईने टट्टू हाकायचं हे त्या मुलखात कुणी पाहिलं नव्हतं. पहिले दोन महिने लोकांनी पाहिलं, मग ते सवयीचं झालं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याऐंशी साली, डिसेंबरच्या अखेरीला लोकसभेचं मतदान होतं. कुडपणच्या शाळेत केंद्र. मतपेटी, कागद, कंदील, सगळा पसारा वर न्यायचा आणि मतदान झालं की खाली आणायचा. मोरूच्या काळापासून हे काम त्यांच्या घोडीकडे होतं. आवडीला तालुक्याच्या कचेरीत बोलावणं आलं तेव्हा कारकुनाच्या कानावर खुराची गोष्ट आधीच गेली होती.

"काय आवडीबाई, घोडी लंगडते म्हणे. स्पष्ट काय ते सांगा. मी चार हमाल सांगून ठेवतो."

"घोडी येईल, भाऊसाहेब."

"अजून महिना आहे. ऐन वेळी घोळ झाला तर माझी नोकरी जाईल."

"घोडी येईल," ती पुन्हा म्हणाली. कशी येईल हे तिलाही ठाऊक नव्हतं. पण एकदा तोंडातून गेल्यावर तिला ते खरंच वाटायला लागलं. आवडीचा स्वभावच तसा होता. आधी हो म्हणायचं आणि मग त्या होच्या मागे चालत राहायचं.

पहिलं पायताण मुंबईहून आलं. तिचा धाकटा दीर चंदू मुंबईला रेसकोर्सवर घोड्यांची देखभाल करायचा. खुराची बातमी पोचल्यावर तो चार दिवसांची रजा टाकून आला. पिशवीतून त्याने एक काळाभोर बूट काढला. जाड रबराचा, पितळी बकलांचा, आतून मऊ. जोडीतला दुसरा मागून निघाला.

"वैनी, ये देखो. इंग्लिश माल हाय. आमच्या शेटच्या घोड्याला पायाला लागलं की हेच घालतात. एक घोडा लाखाचा, काय समजलीस?"

घरचे सगळे भोवती जमले. बूट हातोहात फिरला. आवडीने तो मैनेच्या पायात घातला तेव्हा बकलं शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही आत चार बोटं जात होती.

"आत कापड कोंब," चंदू म्हणाला. "फिटिंग बरोबर होईल."

कापड कोंबलं. अंगणात घोडी ऐटीत चालली. ओढ्याच्या उतारावर मात्र आतलं कापड सरकलं, बूट पायातल्या पायात फिरला आणि मैना गुडघ्यावर आली. आवडीने धावत जाऊन तिची मान छातीशी धरली. घोडी उठली, पण तिचं अंग थरथरत होतं. आवडीने तिथेच बसून दोन्ही बूट काढले.

"इंग्लिश माल हाय, वैनी," चंदू ओशाळून म्हणाला.

"माल इंग्लिश असंल. घोडी कुडपणची हाय."

परत येताना चंदूने मनातलं काढलं. "वैनी, माझं ऐक. घोडीचं वय झालं. विकून टाक. मुंबईला चल माझ्यासंगं. आमच्या शेटच्या घरी बाई पायजे. रहायला खोली, दोन टाइम जेवण. डोंगर चढायचं काम नाय."

चंदू वाईट बोलत नव्हता, हे तिला कळत होतं. मोरू गेल्यापासून तो दर महिन्याला पत्र पाठवायचा, आणि त्यात दर वेळी हीच गोष्ट असायची.

"मतदान होऊ दे," ती म्हणाली. "घोडी पेटी घेऊन वर आली नाय, तर मी येते तुझ्यासंगं."

"जबान?"

"जबान."

चंदू रजा संपवून गेला आणि आवडी महाडला गेली. बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या चांभाराने तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. चपला, पखाली, बैलाचे पट्टे त्याने आयुष्यभर केले होते, पण घोडीचं पायताण कधी केलं नव्हतं. त्याने ते मनापासून केलं. जाड चामड्याचा तळ, वर वादीने आवळायची पिशवी. मैनेच्या पायात ते असं बसलं की जणू तिच्याबरोबरच वाढलं असावं. दोन दिवस घोडी कोरड्या दगडावर निर्धास्त चालली. तिसऱ्या दिवशी सावित्री नदीच्या पाण्यातून जावं लागलं. चामड्याने पाणी पिऊन घेतलं, ते फुगलं, आणि रात्रभर वाळून सकाळी लाकडासारखं कडक झालं. टाचेवरच्या मऊ भागाला फोड आला.

आवडीने हळद भरली आणि तीन दिवस घोडी बांधून ठेवली. मतदानाला आता बारा दिवस राहिले होते.

त्या दिवसांत तिला एक सवयच लागली. ती माणसाचं तोंड बघायच्या आधी पाय बघायची. कोण काय घालतो, तळ कुठे झिजलाय, अंगठा कुठे बाहेर येतो. महाडच्या एसटी स्टँडवर अशीच बसली असताना तिला एका माणसाच्या पायात विचित्र चपला दिसल्या. काळा, बोटभर जाड तळ, मधोमध कापडाचे थर दिसणारा. खाली आडव्या खाचा. माणूस खाकी कपड्यातला, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून आलेला.

"दादा, हे कसलं हाय?" तिने बोट दाखवून विचारलं.

तो जरा गांगरला. मग पाय उचलून त्याने तळ दाखवला. "कंपनीत माल वाहायला पट्टा असतो, त्याचा. फाटला की भंगारात टाकतात. मी तुकडे मागून घेतले."

"पाण्यात?"

"पाण्यात काय, ॲसिड सांडलं तरी लवकर खात नाय."

"दगडावर घसरत नाय?"

"खाचा पाडल्यात ना. का बाय, तुम्हाला करायच्या हायत?"

"मला नाय," आवडी म्हणाली. "माझ्या घोडीला."

त्या माणसाचं नाव श्रीपत. नाते गावच्या बौद्धवाडीत राहायचा आणि कारखान्यात फिटर होता. दोन नळ जोडताना मधे बसवायच्या रबराच्या चकत्या कापणं हे त्याचं रोजचं काम. माप चुकलं तर जोडातून ॲसिड गळतं आणि कुणाचा तरी हात भाजतो, म्हणून तो मापाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नसे. घोडीचं ऐकून तो हसला नाही. त्याची एसटी लागली, निघून गेली, आणि तो तिथेच उभा राहून प्रश्न विचारत राहिला. चालताना आधी काय टेकतं, पुढचं टोक का टाच? भार पडला की खूर पसरतो का? किती?

आवडीने इतकी वर्षं घोडी हाकली होती, पण हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "टाच टेकते आधी. आणि पसरतो थोडा. सुताएवढा."

"मग पाय टेकलेला असताना माप पायजे. उचललेल्या पायाचं माप नको. रविवारी मला सुट्टी हाय, कागदावर काढून आणा."

ती घरी गेली. कानशीने कडा सारख्या केल्या. जुनं वर्तमानपत्र घोडीच्या पायाखाली घातलं, सगळा भार त्याच पायावर यावा म्हणून जावेकडून दुसरा पाय उचलून धरवला आणि शाळेतून आणलेल्या पेन्सिलीने रेघ ओढली. एकदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मैनेने कागद फाडला. तिसऱ्यांदा जमलं. मग दुसऱ्या पायाचं माप तिने वेगळ्या कागदावर घेतलं.

रविवारी ती नाते गावी गेली. श्रीपतचं घर वाडीच्या कडेला, ओटीवर हत्यारांची पेटी. त्याने चांभाराचा बूटही मागवला होता, कापणी कशी केलीय ते बघायला. आवडीने तो पुढे केला तेव्हा त्याने हातात घेतला नाही. "खाली ठेवा, मी बघतो," म्हणाला आणि लांबूनच त्याचे भाग निरखले. आवडीच्या ते लक्षात आलं.

"कातड्याला मी हात लावत नाय, बाय," तो शांतपणे म्हणाला. "गावची मेलेली ढोरं ओढायची, त्यांचं कातडं काढायचं, हे आमच्या बापानं छप्पन साली सोडलं. गावानं दोन वर्षं कामाला बोलावलं नाय. उपाशी राहिला, पण पुन्हा धरलं नाय. तेव्हा चामडं जोडून दे म्हणाल तर जमणार नाय. रबराचं करीन, मनापासून करीन."

"मला चामडं नकोच हाय," आवडी म्हणाली. "ते पाणी पितं."

श्रीपतची आई, जानकीबाई, चहा घेऊन आली. कप आवडीसमोर ठेवून ती दारात थांबली. आवडी कप घेते की नाही ते बघत होती, हे उघड होतं. आवडीच्या घरचं कुणी बौद्धवाडीतलं पाणी प्यायलं नव्हतं. सासू असती तर काय म्हणाली असती तेही तिला ठाऊक होतं. तिने कप उचलला आणि सावकाश, बशीत ओतून, सगळा चहा प्यायली.

"साखर पुरे हाय ना?" जानकीबाईने विचारलं.

"आलं घातलंय, त्यानं गोडी आली," आवडी म्हणाली. म्हातारी आत गेली ती मुठीत भुईमुगाच्या शेंगा घेऊनच परत आली.

श्रीपतने वरचा कागद पाटावर पसरला आणि त्याच एका मापाने दोन्ही तळ कापायला घेतले.

"डावा वेगळा कापा," आवडी म्हणाली. "तो रुंद हाय."

"दोन्ही पायांत फरक?"

"तुमचे तरी दोन पाय सारखे हायत?"

श्रीपतने खरंच आपली दोन्ही पावलं शेजारी शेजारी टेकवून बघितली. मग हसत दुसरा कागद घेतला.

आठवडाभर तो पाळी संपल्यावर काम करत होता. तळाला जाड पट्टा, बाजूंना पातळ, तांब्याच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेला. पुढच्या टोकाला पाणी निघून जायला दोन भोकं. टाचेला फोड येऊ नये म्हणून आतून काय लावावं यावर दोघांचं अडलं होतं. आवडीने घोंगडीचा तुकडा आणून दिला. "ओली झाली तरी टोचत नाय," ती म्हणाली. श्रीपतने तो दोन पदरी करून शिवला.

मतदानाच्या चार दिवस आधी तो स्वतः पोलादपूरला आला. घोडी न बघता काम संपलं म्हणणं त्याला पटत नव्हतं. रस्त्याच्या कडेला उकिडवं बसून त्याने दोन्ही पायांत बूट चढवले, पट्टे आवळले आणि आवडीला म्हणाला, "आता चालवा. मी मागून बघतो."

खडीवरून घोडी गेली. आधी पाय उंच उचलत, चिखलात चालल्यासारखी. पन्नास पावलांनंतर तिची मान खाली आली आणि ती नेहमीसारखी चालू लागली. श्रीपतने तिला थांबवून बोटाने चारी बाजूंनी चाचपलं. डाव्या बाजूला एक कड टोचत होती, ती त्याने तिथेच सुरीने तासली.

"पट्टा तुटला तर?" आवडीने विचारलं.

"तुटायचा नाय. तुटलाच तर या फटीतून दोरी जाते. मुद्दाम ठेवलीय."

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी पोलादपूरहून मंडळी निघाली. केंद्राध्यक्ष म्हणजे महाडच्या हायस्कुलातले एक मास्तर, सोबत दोन कर्मचारी, एक पोलीस. पायथ्यापर्यंत जीप, तिथून पायवाट. कारकूनही आला होता. त्याने दोन हमाल सांगूनच ठेवले होते, तेही मागे चालत होते. आवडीने त्यांच्याकडे एकदा बघितलं. मतपेटी, गोणपाटात गुंडाळलेल्या मतदानाच्या आडोशाच्या फळ्या, कागदांची थैली तिने स्वतः तोलून दोन्ही बाजूंना बांधली.

अर्धी चढण छान गेली. ओढ्यात घोडी थांबली, पाणी प्यायली, पलीकडे गेली. भोकांतून पाणी पिचकारीसारखं उडालं, ते बघून पोलीस हसला. पुढे कातळाची उभी पायरी लागते. तिथे वरून झिरपणाऱ्या पाण्याने दगड हिरवा झालेला असतो. मैनेने पुढचा पाय टाकला, दगडाच्या फटीत उजव्या बुटाचा पट्टा अडकला आणि ताणून निसटला. बूट अर्धा खाली लोंबला.

"झालं," कारकून म्हणाला. "उतरवा पेटी. हमालांकडे द्या."

हमाल पुढे आले. आवडी घोडीच्या आणि त्यांच्यामधे उभी राहिली.

"पेटी उतरायची नाय. इथं उतरवली तर घोडी मोकळी होऊन मागं फिरल, सगळे खाली जाल. दम धरा जरा."

कारकुनाने मास्तरांकडे बघितलं. अधिकार त्यांचा होता. मास्तर धापा टाकत दगडाला टेकले होते. त्यांनी घड्याळ बघितलं, मग आवडीचा चेहरा बघितला.

"किती वेळ लागेल बाई?"

"तुम्ही पाणी प्याल तेवढा."

ती पायरीवर गुडघे टेकून बसली. कमरेची सुंभाची दोरी सोडली, श्रीपतने ठेवलेल्या फटीतून ओवली, खुरावरून दोन वेढे घेऊन घट्ट गाठ मारली. मैना तिच्या पाठीवर नाक टेकून स्वस्थ उभी होती. मास्तरांनी बाटलीचं झाकण लावायच्या आत आवडी उठली होती. तिने दावं ओढलं नाही. घोडीला ओल्या दगडाचा वास घेऊ दिला. मैनेने एकदा फुरफुर केलं, पाय ठेवला, तोलून बघितला आणि पेटीसकट वर चढली.

हमाल रिकाम्या हातांनी मागून आले. वरच्या सपाटीवर पोचल्यावर त्यांतला एक आवडीला म्हणाला, "बाय, आमच्याबी चपलेला असला तळ मिळंल का?"

दुसऱ्या दिवशी कुडपणच्या शाळेपुढे रांग लागली. चंदू मत द्यायला मुंबईहून आला होता. रांगेत उभं राहून तो आंब्याखाली बांधलेल्या घोडीकडे बघत राहिला. मग रांग सोडून तिथे गेला, खाली बसला आणि बूट उलटा करून बराच वेळ त्याच्या खाचा बघितल्या. घोड्याच्या पायातलं त्याला कळत होतं. संध्याकाळी घरी त्याने आपले इंग्लिश बूट कोनाड्यातून काढून पिशवीत भरले.

"शेटला परत देतो," तो म्हणाला. मुंबईची गोष्ट त्याने काढली नाही. आवडीने त्याला दोन भाकऱ्या जास्त बांधून दिल्या.

मतमोजणीला पेटी खाली न्यायची होती. तिसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत आवडी निघाली. मास्तर आणि पोलीस बरोबर होते. डोंगराच्या मध्यावर चार-पाच घरांची वाडी आहे. तिच्यात पहिल्या घराच्या अंगणात ठमाबाई वाल सोलत बसलेली असते. तिला कित्येक वर्षांपासून दिसत नाही. येणारा-जाणारा ती पावलांवरून ओळखते. दगडावर नालांचा खडखडाट आला की ती हात थांबवून म्हणायची, "मोरू, ताक घेऊन जा रे." मोरू गेल्यावरही तिच्या तोंडी तेच होतं, आणि आवडी मुकाट्याने ताक घ्यायची.

आज आवडी अगदी अंगणाशी आली तरी म्हातारीची बोटं चालूच होती. मैना फुरफुरली तशी ती दचकली.

"कोण चाललाय?"

"मी आवडी, आजे."

"घोडी कुठं हाय?"

"ही काय. तुझ्यापुढंच."

"वाजली नाय ती."

"नाल नाय तिला आता. रबर हाय."

ठमाबाईने सुपातून हात काढून पुढे केला. आवडीने मैनेला जवळ आणलं. म्हातारीची बोटं घोडीच्या गुडघ्यावरून खाली उतरली, पट्ट्यावरून, सुंभाच्या गाठीवरून, रबराच्या तळापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ थांबली.

"मग मला कसं कळायचं गो, कोण आलंय ते?"

पोलीस घाई करत होता. मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं.

"मी हाक मारीन," आवडी म्हणाली.

ताक पिऊन ती निघाली. घोडी कातळावरून आवाज न करता उतरू लागली. वाडीखालच्या वळणावर आवडी थांबली, मागे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "ठमा आजे, मी आवडी गो. चालले खाली."

मास्तरांनी मान वर करून बघितलं, तर म्हातारी अंगणात उभी राहून हात हलवत होती, त्यांच्यापेक्षा थोडी डावीकडे तोंड करून, जिथून आवाज आला असं तिला वाटलं तिकडे.